तुम्ही अंगठीची आशा किती वाजता सोडलीत?

तीर्थरूप वन्सं,

आधी नमस्कार, मग तुमच्या गुडघ्यांची चौकशी, मग भावोजींच्या खोकल्याची, आणि त्यानंतर जे काय आहे ते. हा क्रम मी मुद्दाम पाळते आहे, कारण जे आहे ते आधी सांगितलं तर गुडघ्यांचं उत्तर तुम्ही देणार नाही. आम्ही सगळे खुशाल आहोत. मुलगी खुशाल आहे. तुमचे बंधूही खुशाल आहेत, फक्त गेले अकरा दिवस ते पुढच्या खोलीत बाकावर झोपतात. घाबरू नका, भांडण झालेलं नाही. भांडण असतं तर मी पत्र लिहीत बसले नसते, तुम्हालाच बोलावून घेतलं असतं. फोन का केला नाही म्हणाल, तर दोन कारणं आहेत. एक, आमच्या रब्बींना तुमचं उत्तर लेखी हवं आहे. दुसरं, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

तर झालं असं की गेल्या महिन्यात खिडकीची झडप वाऱ्याने आपटली आणि माझं बोट तीत सापडलं. देवाने दहा बोटं दिली आहेत, पण सापडलं ते लग्नाच्या अंगठीचंच. बोट असं सुजलं की त्याची तीन बोटं करून वाटता आली असती. पहिले तीन दिवस मी थंड पाणी, तेल आणि प्रार्थना यांवर काढले (सोनाराकडे जाणं सोपं असतं, पण तो काय फुकट कापतो?). चौथ्या दिवशी शेजारची शिंपीण आली. तिने सुजेवर घट्ट दोरा गुंडाळून, त्याचं टोक अंगठीखालून घेऊन, दोरा सोडत सोडत अंगठी पुढे सरकवायची युक्ती केली. दोरा सुटला, बोटाची सालं सुटली, अंगठी तिथेच. तिला काय माहीत, की ही अंगठी पहिल्या दिवसापासून अशीच हट्टी आहे? लग्नातसुद्धा ती सांध्यावरून पुढे जाईना म्हणून साबण लावावा लागला होता, आठवतं ना? तुम्ही तेव्हापासून सगळ्यांना सांगता की नवरी जाड होती. मी जाड नव्हते, वन्सं. ते आता कागदोपत्री सिद्ध होणार आहे, पुढे वाचा.

शेवटी गेले सोनाराकडे. त्याने बारीक चाकाने अंगठी कापली, दोन्ही टोकं फाकवली, चष्मा लावून आतून पाहिलं आणि कोरलेली तारीख मोठ्याने वाचली. वर म्हणाला, "बाई, तीस वर्षं झाली की लग्नाला! नवराबायकोपेक्षा अंगठीच चांगली राहिली आहे." मी म्हटलं, सव्वीस झाली. तो म्हणाला, "मग सोनं चार वर्षं चुकतंय." मी हातात घेऊन पाहिलं. तारीख मला पाठ होती. दर वर्षी त्या तारखेला मी एक शुभेच्छापत्र पाठवते आणि दर वर्षी तुम्ही कळवता की ते एक दिवस उशिरा पोचलं. वन्सं, ती तुमच्या लग्नाची तारीख आहे. अंगठी तुमची आहे. तीच, जी आमच्या लग्नाच्या दिवशी मोरीत वाहून गेली आणि जिच्यासाठी तुम्ही सव्वीस वर्षं हळहळता आहात.

घरी येऊन मी ती तुमच्या बंधूंच्या चहाच्या बशीत ठेवली. तुम्हाला माहीतच आहे, हे वजनमापं तपासायच्या खात्यात आहेत. दुकानदाराच्या तराजूखाली चिकटवलेला चिंचोक्याएवढा मेणाचा गोळा यांना लांबून दिसतो, आणि पकडल्यावर दुकानदाराचा चेहरा कसा होतो ते हे घरी आम्हाला करून दाखवतात. त्या दिवशी करून दाखवावा लागला नाही. बशी लांब सारून म्हणाले, "मी तुला सांगणारच होतो."

"कधी?"

"योग्य वेळ बघत होतो."

मग सगळं बाहेर आलं. लग्नाच्या दिवशी सकाळी यांच्या सोनाराने निरोप पाठवला, की अंगठी घडवताना बिघडली, उद्या देतो. उद्या काय करायची? नेमक्या तेव्हाच तुम्ही प्रवासाहून आलात, आणि पाव खाण्याआधी हात धुवायचे म्हणून आपल्या नियमाप्रमाणे अंगठी काढून (पाण्याच्या आणि कातडीच्या मधे काही येऊ नये, हे तुम्हीच मला नंतर तीनदा शिकवलंत) मोरीच्या कट्ट्यावर ठेवलीत आणि टॉवेल आणायला आत गेलात. मागून हे आले. पाहतात तर कट्ट्यावर साधी, खडा नसलेली, लग्नाला लागते तश्शी अंगठी. यांनी उचलून खिशात टाकली. विचार असा, की चार वाजता लग्न लावायचं आणि पाच वाजता ती गुपचूप कट्ट्यावर परत ठेवायची. ताईला वाटेल, तिथेच होती, दिसली नाही. पाच वाजता ती साबणाने माझ्या बोटात बसली होती आणि परत ठेवायची तर बोटासकट ठेवावी लागली असती.

मी विचारलं, निदान तुमच्या बहिणीला सरळ मागायची होती. तर म्हणे, मागायलाच निघालो होतो, पण तोवर ताईने घर डोक्यावर घेतलं होतं, मोरीची जाळी उचकटली होती आणि भावोजी नव्या कोटाची बाही वर करून कोपरापर्यंत आत होते. इतकी माणसं कामाला लागल्यावर "माझ्या खिशात आहे" म्हणायला फार धीर लागतो. (हे मात्र मला पटलं. पण पटलं असं मी दाखवलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.)

आता तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, अंगठी सापडली हे काय कमी आहे? तसं नाही, वन्सं. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण धर्माच्या वर्गात शेवटपर्यंत बसले होते. लग्नात नवऱ्याने बायकोला जे द्यायचं ते त्याचं स्वतःचं असावं लागतं. दुसऱ्याची उचललेली वस्तू देऊन लग्न लागतं का? हा प्रश्न एकदा डोक्यात आल्यावर मी त्या दिवशी पाय पोळलेल्या मांजरासारखी घरभर फिरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रब्बींकडे गेले.

आमचे रब्बी तरुण आहेत. दोन वर्षं झाली त्यांना येऊन, हुशार आहेत, पण लोक त्यांना विचारतात काय, तर प्रार्थनागृहातला पंखा कधी दुरुस्त होणार. मी आडूनच सुरुवात केली. म्हटलं, रब्बी, चोरीच्या वस्तूने धर्माची आज्ञा पाळली तर ती पाळली असं धरतात का? त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाईट वाटलं. चहाचा कप हातात धरून ते सुरूच झाले. मंडपाच्या सणाला हातात धरायचा खजुरीचा झाप चोरीचा असेल तर चालत नाही, पाप करून आणलेलं पुण्य देवाला नको. पण मेंढ्याचं शिंग चोरलेलं असलं आणि कुणी ते फुंकलं, तर ऐकणाऱ्याचं काम झालं, कारण आज्ञा आवाज ऐकण्याची आहे आणि आवाज काही कुणाचा चोरता येत नाही. चोरलेल्या फळ्या सणाच्या मंडपाला ठोकल्या असतील तर मालकाने मंडप पाडायचा नाही, फळ्यांची किंमत घ्यायची. आणि चोरीच्या पावावर आशीर्वाद म्हणणारा आशीर्वाद म्हणतच नाही, देवाला तोंडावर चिडवतो. मी सगळं ऐकून घेतलं (शिंगाचं मला फार आवडलं), आणि मग विचारलं, "आणि अंगठी?"

"कसली अंगठी?"

मी पट्टी बांधलेलं बोट पुढे केलं. कप तोंडापाशी गेलेला होता, तो तिथेच राहिला.

रब्बी भले आहेत. सगळ्यात आधी त्यांनी सांगितलं, की मुलीला याची काडीचीही झळ लागत नाही, सव्वीस वर्षं चारचौघांत नवराबायको म्हणून केलेला संसार असा उडून जात नाही, आणि मी काळजी करायचं कारण नाही. तरी काळजी करायचीच असेल तर दुसरी साधी अंगठी आणा, दोन साक्षीदार आणा, पाच मिनिटांत पुन्हा लावून देतो. मी म्हटलं, मी काळजी करणार आहे. ते म्हणाले, मला वाटलंच. मी आणखी एक वाट शोधून पाहिली. म्हटलं, आपल्या वस्तूने दुसऱ्याच्या हातून पुण्य घडलं तर मालक खूशच होतो, असंही शास्त्र आहे ना? म्हणून तर प्रार्थनागृहात कुणाचीही शाल न विचारता पांघरता येते. ते म्हणाले, येते, पण घडीवर घडी घालून जागच्या जागी ठेवावी लागते. तुम्ही सव्वीस वर्षं घडी घातली नाही. घरी येऊन यांना विचारलं, की समजा तेव्हा वन्संना कळलं असतं, तर त्या खूश झाल्या असत्या का? हे म्हणाले, "ताई? खूश?" आणि बाकावर आडवे झाले. तेव्हापासून तिथेच आहेत. उत्तर येईपर्यंत मीच तसं ठरवलं आहे, रब्बींनी सांगितलेलं नाही. चहा मात्र मिळतो. पहिल्या दिवशी त्यांनी दारात उभं राहून विचारलं, "चहा लग्नात धरतात का?" म्हटलं, चहा शेजाऱ्यालासुद्धा देते.

आता नीट वाचा, कारण इथे तुमचं काम आहे. रब्बींनी दोन रात्री ग्रंथ काढून एक वाट शोधली. वस्तू चोरीची असली, तरी मालकाने "गेली ती गेली" म्हणून तिची आशा सोडली, आणि त्यानंतर ती चोराच्या हातून तिसऱ्याच्या हातात गेली, तर ती त्या तिसऱ्याची होते. चोराने किंमत भरून द्यावी लागते, पण देणं खरं धरतात. म्हणजे चार वाजता लग्नाच्या कापडी छताखाली हे अंगठी माझ्या बोटात घालत होते (साबणासकट सव्वाचार धरा), त्याच्या आधी तुम्ही आशा सोडली असेल, तर माझं लग्न लागलेलं आहे. नंतर सोडली असेल, तर मी गेली सव्वीस वर्षं एका वजनमापं तपासनीसाकडे नुसती राहते आहे.

मी माझ्या परीने पुरावा गोळा केला. माझ्या बाबांची त्या दिवशीची वही माझ्याकडे आहे. तीत लिहिलं आहे: "दुपारी अडीच, मोरी उघडणारा माणूस बोलावला." हे आपल्या विरुद्ध जातं, कारण ज्याची आशा सुटली तो माणूस बोलावत नाही. पण पुढची ओळ आहे: "माणूस परत पाठवला." तिच्यापुढे वेळ लिहिलेली नाही. बाबा एरवी दूधवाल्याचीसुद्धा वेळ लिहायचे. नेमकी तिथेच हयगय! रब्बींनी ती ओळ भिंगाखाली पाहिली. दुसरा पुरावा म्हणजे फोटो. तो साडेतीनला काढला. त्यात सगळे हसताहेत, मी लाजते आहे, तुम्ही कपाळावर हात मारून उभ्या आहात आणि भावोजी नाहीत, कारण ते अजून मोरीत होते. मी म्हटलं, रब्बी, हा आशा सोडलेल्या बाईचा चेहरा नाही का? ते म्हणाले, चेहरा साक्ष देत नाही, तोंड देतं. भावोजी शोधत होते याने काही बिघडत नाही. अंगठी तुमची, आशाही तुमचीच धरायची. तुम्ही अजूनही आमच्याकडे, म्हणजे लग्न लागलं त्याच बाबांच्या घरी, आलात की केसातली पिन वाकवून मोरीच्या जाळीत घालून बघता, तेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर रब्बी म्हणाले, एकदा सोडलेली आशा पुन्हा धरली तरी आधीचं सोडणं खोटं ठरत नाही. म्हणजे पिन माफ आहे.

तुमच्या मनात येईल, इतका घोळ कशाला, पाच मिनिटांचं दुसरं लग्न का लावून घेत नाही? हेही तेच म्हणतात. मुलगी म्हणते, "आई, मस्त होईल!" वन्सं, तुम्हाला आठवत असेल, बाबा तेव्हा काठीशिवाय उठत नव्हते. त्या दिवशी त्यांनी काठी फाटकाला टेकवून ठेवली आणि माझा हात धरून छतापर्यंत चालत आले. बावीस पावलं होती. मी खाली मान घालून मोजली, कारण दहाव्याला ते थांबले होते आणि मला वाटलं आता बसतात. पाच महिन्यांनी ते गेले. दुसरं लग्न पाच मिनिटांत लागेल, त्याला माझी ना नाही. पण पहिलं लागलंच नव्हतं असं ठरलं, तर ती बावीस पावलं ते कशासाठी चालले? म्हणून मला पहिलंच हवं आहे.

तर कृपा करून एवढंच आठवून लिहा: त्या दिवशी तुम्ही "सापडेल, सापडेल" म्हणत होतात, की "गेली बाई माझी अंगठी" म्हणालात? म्हणाला असाल तर किती वाजता? आणि मनापासून म्हणालात, की भावोजींना ऐकू जावं म्हणून?

कापलेली अंगठी सोबत कापसात गुंडाळून पाठवते आहे. चोरीची वस्तू घरात ठेवून मी यापुढे शुक्रवारचे दिवे लावणार नाही. सोनार जोडून देतो म्हणाला होता, पण तुमची वस्तू तुम्हाला न विचारता जोडायची कशी? एकदा न विचारता नेली तेवढं पुरे. यांनी तुमची क्षमा मागायला सांगितलं आहे. मी म्हटलं, ती तुम्ही स्वतः मागा, ते घरकाम नव्हे.

सही कशी करावी, ते तुमचं उत्तर येईपर्यंत कळत नाही. तोवर,

बहुधा तुमची भावजय

ता. क. खोटं लिहू नका. मला बरं वाटावं म्हणून "तीन वाजता सोडली" असं लिहिलंत तर ते पाप तुम्हाला आणि लग्न अधांतरी मला. पण आठवत नसेल, तर आठवायला वेळ घ्या. मुलीच्या लग्नाची तारीख ठरलेली नाही, घाई कुणालाच नाही. फक्त बाक अरुंद आहे आणि यांची पाठ धरते.

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "आणखी एक सांगायचं राहिलं." वन्सं, बसून वाचा. सोनाराने माझी अंगठी कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी दिली होती. ती यांनी भावोजींच्या हातात ठेवली आणि सगळं कबूल केलं. भावोजींनी ती परतीच्या वाटेवर "ही घे, नवी केली" म्हणून तुम्हाला दिली. म्हणजे सव्वीस वर्षं भावोजींना ठाऊक आहे, आणि तुमच्या बोटात आहे ती माझी. तुम्ही सांगता, की संसाराच्या काळजीने बोट वाळलं म्हणून अंगठीला आतून दोरा गुंडाळावा लागतो. बोट वाळलेलं नाही. अंगठी माझ्या मापाची आहे. (आता जाड कोण होतं हा प्रश्न उरत नाही. मी जाड नव्हते, तुमची अंगठी लहान होती.) दोरा दर वर्षी भावोजी स्वतः बदलून देतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, आणि तुम्ही त्याला प्रेम म्हणता. असेलही. पण एकदा दोरा सोडून आत पाहा, आमच्या लग्नाची तारीख दिसेल.

ता. क. रब्बींना आत्ताच जाऊन विचारून आले. तुम्ही नवी अंगठी घेतलीत म्हणजे जुनीची आशा सोडलीत हे त्यांना मान्य आहे, पण ती दुसऱ्या दिवशी, म्हणजे चारनंतर. उपयोग नाही. आणि ती अंगठी भावाने राजीखुशीने दिली, म्हणून ती आता पूर्णपणे तुमचीच. माझा तिच्यावर हक्क नाही आणि मी मागतही नाही. उत्तर "चारच्या आधी" असेल तर दोन ओळींचं कार्ड पुरे. "चारनंतर" असेल, तर कार्ड न टाकता स्वतः या, ती अंगठी बोटात घालून या, आणि इथे तुमच्या भावाला ती भेट द्या. रब्बी म्हणतात भेट पूर्ण मनाने हवी, परत घ्यायचा विचार मनात ठेवून चालणार नाही. तुम्हाला जमेल तसं करा. मग हे ती मला देतील. साक्षीदार आहेत. भावोजी नात्यातले म्हणून साक्षीला चालत नाहीत, पण फाटकापासून छतापर्यंत कुणाचा तरी हात लागतो, तो त्यांचा धरीन म्हणते. बाबांनी मोरी उघडणारा माणूस परत पाठवला, तरी भावोजी आतून निघाले नव्हते, हे मी विसरलेले नाही.

ता. क. खरं म्हणजे उत्तर काहीही असलं तरी दोघं याच. फोटोवाल्याला सांगून ठेवलं आहे (हो, पैसे देऊन). भावोजींना म्हणावं, तोच कोट घाला आणि या वेळी फोटोत उभे राहा. मोरीकडे मी बघते.